साखर बंद, गूळ चालू

११ ऑक्टोबर
कारखान्याची सभासदांची साखर आली. पोतं दारात उतरताच आईला सांगितलं, इंदापूरच्या मावशीकडे पाठव. आजपासून घरात साखर बंद. डॉक्टर मॅडम म्हणाल्यात, महिन्याभरात शुगर उतरली नाही तर तात्यांना, माझ्या वडिलांना, रोज इंजेक्शन. बैल आवरणारा माणूस, पण सुई बघितली की घाम फुटतो. मी रील्स बघून सगळा अभ्यास केलाय. तात्या म्हणाले, जलम गेला ऊस लावण्यात, आन् आता साखर इख झाली व्हय गं, निकिता? मी म्हटलं, हो.

१२ ऑक्टोबर
बिनसाखरेचा चहा तात्यांनी गुपचूप अंगणात ओतला. वाईट वाटलं. उपाय सापडला: गूळ. काळा, केमिकल नसलेला. नैसर्गिक गोडानं शुगर वाढत नाही. (रील अर्धंच बघितलं, पण मुद्दा कळला.)

१३ ऑक्टोबर, सकाळ
चहा फाटला. गूळ शेवटी टाकायचा असतो म्हणे.

२४ ऑक्टोबर
तात्या खूश. आधी अर्धा कप घ्यायचे, आता पेलाभर, मागून मागून. आई म्हणाली, एवढा गूळ बाधायचा न्हाय ना गं? मी म्हटलं, आई, हे सायन्स आहे. मी स्वतःही साखर सोडलीय. कॉलेजजवळ फक्त कोल्ड कॉफी. साखर दिसत नाही, म्हणजे नसल्यातच जमा.

३ नोव्हेंबर
तात्यांच्या पायाला तोडलेल्या उसाची टोकदार खोडकी लागली होती. जखम भरत नाही. पाणीही सारखं मागतात. उन्हामुळे असणार. मॅडमना फोन करावा असं दोनदा वाटलं. पण तपासणी जवळच आलीय. गूळ थोडा वाढवला. अंगात रक्त भरतं.

१४ नोव्हेंबर, बारामती
शुगर आधीपेक्षा जास्त. मॅडमनी विचारलं, गोड काय खाता? तात्या छाती काढून म्हणाले, साखरंला शिवत न्हाय, पोरगी लई कडक हाय. गूळ तेवढा चहात. मॅडम म्हणाल्या, अहो, गूळही साखरच की! कुणी सांगितलं गूळ चालतो? मी पंख्याकडे बघत होते. तात्या म्हणाले, कुणी न्हाय. माझीच खोड.
एसटीत मी तात्यांना माझं चुकलं म्हणून सांगणार होते. गर्दी फार होती.

१५ नोव्हेंबर
पहिलं इंजेक्शन मी दिलं. तात्यांनी डोळे गच्च मिटले. सुई काढली आणि मीच मटकन खाली बसले. तात्यांनी फडताळातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, खा, चक्कर यील. तुला चालतोय.
खाल्ला. साखरेपेक्षा वेगळा लागला नाही.