सारिकाच्या ठिबकचा टायमर

गुरुवार, संध्याकाळ

निवृत्त झाल्यापासून एकच गोष्ट खुपत होती. मी शिकवलेली कॉम्प्युटरची भाषा आता कोणीच वापरत नाही. मग मुलींना दिलं काय मी?

आज खोडदची सारिका आली, माझी जुनी विद्यार्थिनी. ठिबकला टायमर बसवल्यापासून त्यांचा पाइप सारखा फुटत होता.

"मामंजी म्हणले, मशीनच बाद. मी टायमर काय काय करतो ते सगळं ओळीनं कागदावर उतरवलं न् एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. मॅडम, दुसरा व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच पहिला बंद व्हत व्हता! मोटर चालूच. पाणी जाईल कुठं?"

ओळीवर बोट ठेवून चूक शोधणं! मला ते कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं, मी हिला.

"आणि ती भाषा गं?"

"ती परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी इसरले!"

खुशाल विसर, बाई. किती हसलो दोघी!