प्रभाकर कोणत्या बाजूचा

४ जानेवारी
प्रभाकरला पोचवून आलो. तिथे भलतंच झालं. दाहिनीपाशी थांबलो असताना दोन म्हातारे बंगाली आले आणि त्याच्या अंगावर ईस्ट बंगाल फुटबॉल क्लबचा लाल-पिवळा झेंडा पसरला! मला वाटलं, प्रेत चुकलं. प्रभाकर माझ्यासारखाच पक्का मोहन बागानवाला, म्हणजे ईस्ट बंगालचा हाडवैरी — आमच्या ब्रँचला आल्यापासून प्रत्येक सामन्याला माझ्या शेजारी. मी झेंडा काढला, नीट घडी केली, परत दिला. म्हटलं, दादा, तुमचे गृहस्थ मागे असतील.
वासंतीवहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "राहू द्या, भावजी. ह्यांचाच आहे तो."

५ जानेवारी
झोप नाही. फितूर!

८ जानेवारी
डमडमला वहिनींकडे गेलो. सांत्वनाला — खरं तर भांडायला. कळलं ते असं: बदली होऊन इथे आला तेव्हा घरमालक ईस्ट बंगालवाले. त्यांनी पहिल्याच मोसमात ह्याला बाटवला.
"मग माझ्याशेजारी बसून बागानसाठी ओरडायचा तो?"
"घरी येऊन मिठाच्या गुळण्या करायचे."
"आणि ईस्ट बंगालचा गोल झाला की उठून जायचा, तो मधुमेह —"
"कसला मधुमेह, भावजी! जिन्याखाली नाचून यायचे."
वहिनी हसल्या. मलाही हसू आलं. आवरलं.
सांगितलं का नाही? तर म्हणे, "ब्रँचमध्ये मराठी बोलणारे तुम्ही एकटे. पहिल्याच दिवशी डबा उघडताना विचारलंत — बागान ना? हे हो म्हणाले. मग नाही कधी म्हणायचं?"

११ जानेवारी
माफ करायचं नाही, ठरलं. माझं ऑपरेशन, आमच्या लेकीचं, केतकीचं मोडलेलं लग्न — सगळं मी त्याला सांगितलं. त्याने एवढंसं सांगू नये? मग आमच्यात खरं होतं तरी काय? जेवताना वाटलं, त्यालाच विचारावं. तेवढ्यात आठवलं.

१६ जानेवारी
तेरावा. ते दोघे म्हातारे आले होते. मी बोलणार नव्हतो. एकजण आपणहून शेजारी येऊन बसला. म्हणाला, "प्रभाकरदा हमारे साथ एक भी मैच नहीं बैठे. कितना बुलाया! बोलते थे, उधर श्रीकांत अकेला पड़ जाएगा."
म्हटलं, श्रीकांत मीच, आणि माझ्या पानातला लाडू त्याला वाढला.

१ फेब्रुवारी
बागान-ईस्ट बंगाल सामना टीव्हीवर पाहिला. बागान दोन गोलांनी जिंकलं. लगेच वहिनींचा फोन — काय झालं, भावजी?
म्हणालो, "हरलो आपण."