भाकरीवरचा अंगठा

आत्याबाई, हे मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे सासू म्हणून तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? रोज सांजेच्या प्रार्थनेला वचनं पाठ करून घेतलीत, चुकलं की मांडीला चिमटा, पण पाटी मागितली तर म्हणालात, "वाचाया लागलीस तर दळण कोन दळंल?" त्यामुळं आता तुम्हाला चार शब्द सुनवायचे तर तेही दुसऱ्याच्या हातानं. नात म्हणते, "आज्जे, मेलेल्या मानसाला आसं बोलू नये." म्हटलं, तू लिही की. जित्या होत्या तवा बोलायची सोय कुटं होती?

तुमची आळी वेगळी, माझ्या बापाची वेगळी. गावानं दोन्ही आळ्या वेशीबाहेर ठेवलेल्या, पण तुम्ही लोकांनी वेशीबाहेरही आणखी एक वेस बांधलीत. दोन्हीकडची माणसं ख्रिस्ती झाली, एका देवळात बसू लागली, पाळकसाहेबांनी तुमच्या लेकाशी माझं लग्न जुळवलं आणि भर उपासनेत सांगितलं की प्रभूच्या घरात आळ्या नसतात. सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' तुम्हीच म्हणालात. मग घरी आल्यावर मला जातं दाखवलंत. दळायचं मी, थापायचं तुम्ही. माझ्या हातचं पीठ चालत होतं. त्यात माझ्या हातचं पाणी पडलं की चालत नव्हतं. हे कुठल्या शुभवर्तमानात आहे ते पाळकसाहेबांना विचारणार होते, पण तुमच्यासमोर मान वर होत नसे.

लग्नानंतरचा पहिला सुगीचा सण. जोंधळा घरात आला की मंडळीचं प्रीतिभोजन: देवळामागं चुली मांडायच्या, घरोघरच्या भाकऱ्या एकाच टोपलीत टाकायच्या आणि सगळ्यांनी एका पंगतीत खायच्या. पाळकीणबाईंनी मला हाताला धरून चुलीपाशी बसवलं; त्यांच्यापुढं तुम्हाला बोलता येईना. मी बघते तर तुम्ही तव्यावर टाकायच्या आधी प्रत्येक भाकरीच्या कडेला अंगठा दाबताय. मला वाटलं, सणाची रीतच असेल, आशीर्वादाची खूण असेल. मीही दाबला. शेजारणीला सांगितलं, तिनं तिच्या शेजारणीला. टोपली भरली तोवर बिनअंगठ्याची भाकरी राहिली नाही. पंगतीत तुम्ही हळूच कड चाचपून एक उचललीत, शेंगांच्या चटणीशी खाल्लीत आणि म्हणालात, "हाताची चव लपत न्हाय बगा." ती माझी होती. कड जरा करपलेली, मी ओळखली. वर तसलीच दुसरी मागून घेतलीत.

घरी आल्यावर मी भाबडेपणानं म्हटलं, "समद्यांनी अंगठा दाबला, छान दिसत हुतं." "समद्यांनी?" एवढंच विचारलंत. मग मोरीत गेलात आणि तिन्हीसांजेला राखेनं दात घासलेत, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. तेव्हा मला कळलं अंगठा कशासाठी होता: आपल्या घरच्या भाकऱ्या ओळखू याव्यात, माझ्यासारखीच्या हातची पोटात जाऊ नये म्हणून. मग डोक्यावर पदर घेऊन बसलात आणि प्रभूची प्रार्थना सुरू केलीत. त्यात क्षमेची ओळ येते. त्या सांजेपासून त्या ओळीला मी तोंड मिटते. देवाला माहीत आहे. तुम्हाला आज कळवते.

आता हे का उकरते? दुष्काळाची वर्षं सरली, यंदा जोंधळा आला, परवा प्रीतिभोजन झालं. थोरल्या नातवाची बायको दुधनीची, कानडी बोलणारी. तिच्या बापाचा बाप्तिस्मा अलीकडचा, आळी माझ्या बापाचीच. चुलीपाशी बायका तिला गोड आवाजात म्हणाल्या, "तू पानी आन गं बाई, भाकऱ्या आमी बगतो." तो गोडवा मी लांबून ओळखते, तुमच्या घरात काढलेत की दिवस. माझा लेक, तुमचा लाडका नातू, आता मंडळीच्या कारभाऱ्यांत बसतो. कानाशी येऊन म्हणतो, "आई, सणाच्या दिशी वाद नको."

"वाद कसला? मला भूक लागलीया." आणि पोरीला हाक मारली, "बस गं हितं. तुझी पयली भाकरी माज्या ताटात."

एक बाई खिदळली, "आज्जी, दात हायत का?"

"दात न्हाईत, जीभ हाय. ऐकायची हाय का?"

पोरीची भाकरी टम्म फुगली. तिच्या बाकीच्या सगळ्यांच्या टोपलीत गेल्या. पंगतीत मी माझ्यातली अर्धी मोडून लेकाच्या ताटात ठेवली. सगळी मंडळी बघत होती. तो त्या अर्ध्या भाकरीकडं बघत राहिला. डोळे अगदी तुमचे. मग खाल्ली. तिन्हीसांजेला तो मोरीत गेला तेव्हा मी कान लावून बसले. पाय धुऊन आला आणि प्रार्थनेला बसला. तुमचं घराणं एवढं तरी सुधारलं म्हणायचं.

नात विचारते, हे पत्र कुठं टाकायचं? कुठं टाकणार? स्वर्गात असाल तर तिथं पंगत एकच, म्हणजे तुमची उपासमारच चालली असेल. ठेव म्हटलं पिठाच्या डब्याखाली. आणि शेवटी एवढं लिही: माफ केलेलं नाही. पण त्या दिवशी पंगतीत तुम्ही दुसरी मागून घेतलीत ना, तेव्हा मला लई गोड वाटलं होतं. अजून वाटतं.