सुलैमधली वाळूची भिंत

बाबा, तुमचं बर्फाचं पुराण आम्हा भावंडांना कधी पटलंच नाही. कोकणात बर्फ पाहायचा तो मासळीच्या पेटीत, आणि तुम्ही फौजेतून सुट्टीवर आलात की ताटातल्या भाताच्या ढिगावर बोटाने वाट काढून दाखवायचात. बर्फाच्या उताराखालून जायचं तर एकेकट्याने, बाकीच्यांनी थांबून बघायचं, आणि ऊन चढायच्या आत पलीकडे. रात्रीचं गोठलेलं असतं तोवर धरून राहतं, ऊन लागलं की सुटतं. आई म्हणायची, "अहो, जेवू द्या की पोरांना." शाळेच्या वाटेवर चिरेखाणीचा कडा होता, तर त्याच्याखालूनही तुम्ही आम्हाला एकेक करून सोडायचात. एकदा ताई पुढे निघाली आणि मी घारीकडे बघत राहिलो, तर तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. "जाणाऱ्यावरून नजर काढायची नाही! गाडला गेला तर शेवटचा कुठे दिसला, हे कोण सांगणार?" मला वाटलं, थंडीने माणसाचं डोकं फिरलंय. पुढे मित्रांत तुमची नक्कल करून मी भरपूर हशा वसूल केला, तेही आता सांगून टाकतो.

तुम्ही गेल्यानंतर सहा-सात वर्षांनी, दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात, मी रियाधच्या अल सुलै भागात सिमेंटचे ब्लॉक बनवणाऱ्या एका यार्डात फोरमन होतो. सौदीत थंडी पडते हे आपल्याकडे कुणाला खरं वाटत नाही. आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून काम करायचो. त्या आठवड्यात दोन दिवस पाऊस झाला आणि दोन मजले उंच वाळूचा ढीग भिजून घट्ट बसला. लोडरने खालून वाळू उचलली तरी वरची पडेना, सरळसोट भिंतच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन, पण वारा हाडात शिरणारा. दुपारी आम्ही सहा जण डबे घेऊन त्या भिंतीच्या आडोशाला बसलो. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, राजापूरकडचा वेल्डर तर चक्क पाठ टेकून बसला. जेवण झाल्यावर आम्ही हात धुवायला टाकीकडे निघालो, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. ऊन बरं लागतंय."

मी टाकीपाशी पोचून वळतो, "यल्ला, चल आता" म्हणायला तोंड उघडतो, आणि भिंत खाली येते. आवाज म्हणाल तर पोतं रिकामं केल्याएवढा. तो होता, आणि मग तिथे नुसती वाळू होती. सगळे आरडाओरडा करत ढिगाकडे धावले. लोडरवाल्याने चांगल्या मनानेच लोडर सुरू केला. त्याच्या बकेटने आमच्या माणसाचे तुकडे झाले असते. आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला, अगदी तुमचाच. "बंद करो! सब मत चढो! तीन आदमी खोदो, एक ऊपर देखो!" तो जिथे दिसला होता तिथून नजर न हलवता, बोट रोखून मी चालत गेलो. डब्यांच्या झाकणांनी खणलं, नखांनी खणलं. आधी कानटोपी लागली, मग कपाळ. त्याचे दोन्ही हात तोंडापुढे होते आणि तेवढ्या पोकळीत त्याचा श्वास चालू होता.

कंबरेचं हाड मोडलं त्याचं. तीन महिने हॉस्पिटलात काढून तो कायमचा घरी गेला. कॅम्पात मी देवमाणूस ठरलो. त्याची बायको अजून दर दिवाळीला फोन करते, "भाऊ, तुम्ही होतात म्हणून" म्हणते. मग फोन तो घेतो. "चूक माझीच रे. टेकायला गेलो कशाला?" असं हसत म्हणतो, आणि मी त्याच्या मुलांची चौकशी सुरू करतो.

मी हादरलो ते त्या संध्याकाळी, हॉस्पिटलच्या बाकावर. यातलं मला सगळं ठाऊक होतं. ओल धरून ठेवते, ऊन लागलं की सुटतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. माणूस गाडला गेल्यावरचं सगळं मला धडाधड आठवलं आणि आधीचं एक अक्षर आठवलं नाही. असं कसं होतं बाबा? आणि ते तर आठवायलाच हवं होतं, कारण डबा उघडण्याआधी तो त्या भिंतीकडे बघून थबकला होता. "पडणार नाय ना रे ही?" त्याने मला विचारलं, कारण फोरमन मी होतो. मी वाळूवर दोन बुक्क्या मारल्या आणि म्हटलं, "पक्की आहे, बस."

हे दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. त्याला आठवत नाही, की आठवूनही तो बोलत नाही, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही. हे पत्र खरं त्यालाच जायला हवं. त्याचा पत्ता मला तोंडपाठ आहे. तुमचा कुठलाच नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.