टिटवीला गोणी म्हणू नकोस

९ नोव्हेंबर

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, असं सवयीने लिहिणार होते. काहीच ठीक नाही.

टिटवी सुट्टीला घरी आली आणि मला वाटलं, कुणा भलत्याचीच मुलगी दारात उभी आहे. दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे उंच उडी शिकायला पाठवली, तेव्हा ही लांब टांगांची पोर जिना उड्या मारतच उतरायची. टिटवी हे नावही तूच ठेवलंस. आता ती भिंतीला घासून चालते. काल तिच्या हातून कप निसटला. फुटलासुद्धा नाही, तरी तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मला म्हणाली, सॉरी सर. आईला सर!

खोदून खोदून विचारलं, तेव्हा तोंड उघडलं. उडी चुकली की तू तिला चारचौघांत गोणी म्हणतोस. आता बाकीची मुलंही तेच म्हणतात. उडीचा आडवा बार पडला की मैदानाच्या मधोमध उभं करून, मी का पडले, हे तिला ओरडून सांगायला लावतोस. अरे, मी लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स. दिवसभर सुया टोचते, पण मला बघून एकही मूल डोकं झाकत नाही.

ती परत येणार नाही. तिचं सामान पाठवून दे. लोभ असावा, असं या वेळी लिहीत नाही. लोभ आहे, म्हणूनच एवढी भडकले आहे.

तुझी,
ताई

१७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रागात तुझं अक्षर जास्त चांगलं येतं. बाकी पत्र वाचून डोकं फिरलं.

मुलं कशी घडवायची, ते आता तू मला शिकवणार? माझ्या सरांनी मला शिट्टीच्या दोरीने फोडून काढलंय. मेलो नाही, पदक घेऊन आलो. मी तर पोरांना बोटही लावत नाही. आल्या आल्या सहा महिन्यांत टिटवीची उडी वीतभर वाढली, ती काय लाडीगोडीने? मग अडली, कारण ती घाबरट आहे. जोरात धावत येते आणि बारखालून निघून जाते. अशा मुलीला टोचून बोलल्याशिवाय जाग येत नाही. माझ्याकडे तिने कधी तक्रार केली नाही, हेही लक्षात घे.

घरी ठेवायची तर ठेव, लाडाने लोळव. सामान पाठवतोय. खिळ्यांचे बूट वेगळ्या पिशवीत पुसून घातलेत, ओले ठेवू देऊ नकोस. राग ओसरला की लोभ कळव.

तुझा,
भाऊ

४ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

मैदानावर तू सर होतास, घरी मामा. हे पत्र मामाला आहे, म्हणून तू म्हणते.

परवाच्या स्पर्धेत तू मला बघितलंस, पण बोलला नाहीस. मी जिंकले नाही, तिसरी आले. पण एकदाही बारखालून गेले नाही. आता इथे मला उडी शिकवणाऱ्या बाई ओरडत नाहीत, गोडही बोलत नाहीत. बार पडला की एवढंच विचारतात, तुला काय जाणवलं? सुरुवातीला मला उत्तरच यायचं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे, कारण मला काय जाणवलं हे नेहमी तू सांगायचास. एकदा मी चिडून ओरडले की मला नाही माहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, मग परत मारून बघ. बारकडे धावताना वळणावर माझा खांदा लवकर आत पडतो, हे त्या दिवशी माझं मीच शोधलं.

परवा तू सगळ्यांना सांगत होतास की हिचा पाया मी घातला. घातलास, खोटं नाही. त्याचा राग नाही आला. राग आला तो तुझी नवी मुलगी बघून. ती निळ्या रिबिनीची छोटी. धाव घेण्याआधी ती बारकडे बघत नाही, तुझ्या कपाळाकडे बघते. आठी आहे का, ते शोधते. आठी होती. ती बारखालून निघून गेली. मग तू तिला सगळ्यांसमोर जे म्हणालास, ते मी इथे लिहिणारसुद्धा नाही.

मामा, मला बारची भीती कधीच नव्हती. तिलाही नाहीये.

राग आहे तसा लोभही आहे. दोन्ही खरे मान.

तुझी,
टिटवी

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या मुलीचं पत्र आलं. उद्धट आहे. तुझ्यावर गेली आहे. फाडायला घेतलं होतं, पण फाडलं नाही. तिला काय लिहायचं ते अजून सुचत नाही. सुचलं की तिलाच लिहीन, तू मध्ये पडू नकोस.

काल सरावाला ती छोटी धावेच्या खुणेवर उभी राहिली आणि खरंच माझ्याकडे बघायला लागली. मी चेहरा सरळ ठेवला. ती आणखीच आक्रसली. माझा सरळ चेहराही तसलाच दिसत असणार. मला भयंकर राग आला, कुणाचा ते विचारू नकोस. शेवटी उठलो आणि सामानाच्या खोलीमागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पोरं खिदळत होती.

मग धावल्याचा आवाज आला. गादीवर अंग आपटल्याचा आला. बार पडल्याचा येईल म्हणून मी कान देऊन थांबलो, ताई. तो आलाच नाही.

लोभ शिल्लक असेल तेवढा राहू दे.

तुझा,
भाऊ