परीची शपथ आणि ऑफिसचं शेल

मंगळवार सकाळ, ठाकुर्ली

रात्रभर झोप नाही. परीमुळे नाही, ती तर गुणाची झोपलेली. यांच्या नोकरीची भीती वाटतेय.

हे आज वागळे इस्टेटला, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची जुनी बिलं पुसणार. त्याचा प्रोग्राम घरी केला, घरीच चालवून बघितला, नीट चालला. काल जेवताना खुशीत सांगत होते. फोल्डरचं नाव 'बिल जुनी'. मधे जागा. मला दादाचं बोलणं आठवलं.

शेल म्हणजे ती हुकूम लिहायची काळी खिडकी. दादा मागे यांना बोललेला, "दाजी, तुमच्या घरचं शेल नाव अख्खं धरतं. ऑफिसचं जुन्या नियमावर चालतं, मधे जागा दिसली की एकाची दोन नावं करतं."

म्हणजे ते 'बिल जुनी' सोडून 'बिल' नावाचं फोल्डरच पुसणार? त्यात तर यंदाची सगळी बिलं! ती मधली जागा डोळ्यासमोरून जात नाही.

मी तेव्हाच म्हटलं, "अहो, दादाला एकदा विचारू?"

"मेव्हण्याला विचारून नोकरी करू काय? फोन नाय करायचा त्याला. परीची शपथ आहे तुला."

हसत घातली, पण पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घातली. मी कशी मोडू? वेडं माणूस. आता तिलाच छातीवर घेऊन झोपलंय, तोंड उघडं.

शपथ फोनची आहे, लिहायची नाही. आणि माझी वही चोरून कोण वाचतं ते मला माहितीये. यांच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवते. जो कोण वाचेल त्यानं रागवा, हसा, पण बटण दाबायच्या आधी माझ्या दादाला फोन करा.