अकरा मेंढ्यांचे कान

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
शनिवार, ४ ऑक्टोबर १९८६

प्रिय शिवदास,

मुलुंडहून चारकोप म्हणजे काही परमुलूख नव्हे, तरी आईनं टपालानं पत्र का धाडलं, असं तुझ्या मनात येईल. तोंडावर बोलायला बसलं की तू घड्याळाकडे बघतोस, मी चहा टाकायला उठते, आणि बोलायचं ते राहून जातं. कागदाचं बरं असतं, तो पुरता वाचल्याशिवाय खाली ठेववत नाही. जयाला पाचवा लागला ना? आंबट मागितलं तर दे, पण चिंच बेतानं. तिला म्हणावं, पाण्याचा हंडा आता शेजारणीकडून आणून घे, लाजायचं काही कारण नाही. माझा गुडघा आहे तसाच आहे. सकाळी कुरकुरतो आणि चूल पेटली की गप्प बसतो. अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे. रेशनच्या दुकानाच्या पाट्या वाचून शिकलेली बाई मी, जोडाक्षराला अजून अडखळते.

इकडे सेक्टरची घरं भराभर वर चढताहेत. गेल्या वर्षी जिथं शेठच्या मेंढ्या चरायच्या तिथं आता मुरूम पडलाय आणि तारेचं कुंपण आलंय. सीतारामशेठला खाडीकाठची जागा स्वस्तात मिळाली म्हणून त्यानं देशावरून ट्रकनं मेंढ्या आणून इथं वाडा मांडला, त्यावर तुला मुनीमकी मिळाली, आणि तुझ्या शब्दावर मला चार मेंढक्यांच्या भाकऱ्या थापायचं काम मिळालं. हे मी विसरलेली नाही. खाल्ल्या मिठाला जागावं हे मीच तुला शिकवलं. पण मीठ नेमकं कुणाचं खातोय ते एकदा बघून घ्यावं, हे शिकवायचं राहिलं बहुतेक.

दादूचं सांगते. कामावर तूच घेतलंस त्याला, तरी चार गोष्टी तुला ठाऊक नसतील, कारण तू आठवड्यातून एकदा येतोस आणि उभ्या उभ्या जातोस. तीनशे मेंढ्यांमागे ही चार माणसं. निळ्या प्लास्टिकच्या एका झोपड्यात चौघं झोपतात, ती जागाही मेंढ्यांच्या लेंड्यांना लागून. दिवाळीपासून कुणाला एक सुट्टी नाही. दादूला तापानं दोन दिवस उठता आलं नाही, तर दोन दिवसांचे पैसे कापले गेले. गावाकडे मालक गड्याला सालाला एक घोंगडं आणि वहाणांचा जोड देतो, शिवाय साल भरलं की चार कोकरं त्याची. इथं कोकरं नाहीत, घोंगडं नाही, आणि खाऱ्या पाण्यानं कुजलेल्या वहाणा त्यानं सुतळीनं बांधल्यात. मी एकदा म्हटलं, दादू, मुनीमाकडे माग की. तर हसून म्हणाला, आक्का, मुनीम तुमचा पोरगा, त्याला तरी शेठ कुठं वहाणा देतो?

आता कानाचं. मेंढी मेली तर तिचा कान आणून दाखवायचा, नाहीतर किंमत गड्याच्या पगारातून, असं तू त्यांच्या करारात लिहिलंस. ही रीत तू तुझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलीस, मी शेजारीच बसलेली असायची. माझे वडील गावची मेली जनावरं ओढायचे. मालकाची खूण पाडलेला कान कापून तेच मेंढक्याच्या हातात द्यायचे, की बाबा, हा मालकाला दाखव, म्हणजे मेंढी विकून खाल्लीस असा आळ येणार नाही. छप्पन्न साली त्यांनी ते काम टाकलं आणि पुन्हा कधी हात लावला नाही. पण तू अर्धीच रीत ऐकलीस रे. पाण्यानं नेलेल्या मेंढीचा कान कुणी मागत नसे. ओढ्याला लोंढा आला आणि जनावर गेलं, तर ज्यानं बघितलं त्यानं चावडीवर येऊन सांगायचं, मालकानं ऐकायचं, आणि विषय संपायचा. बघणारा आमच्या वस्तीतला असला तरी त्या एका गोष्टीपुरता त्याचा शब्द धरला जायचा. एरवी आम्ही खळ्याच्या कडेला उभे, ते ओंजळीत टाकतील ते बलुतं घ्यायचं. म्हणून त्या शब्दाचं तुझ्या आजोबांना फार होतं. आपल्याला दुसरं काही नव्हतं.

श्रावणी अमावस्येची सकाळ तुलाही आठवत असेल, तरी लिहिते. शेवंती कोळीण मढहून पाटी घेऊन आली होती. बोंबील मोजता मोजता तुला म्हणाली, मुनीम, आज उधाण हाय, दुपारी खाडीच्या बांदाच्या पलीकडं काय ठेवू नको, वाट लागंल. तू म्हणालास, मावशी, तू मासळी बघ, आम्ही मेंढ्या बघतो. सेक्टरचा वॉचमन कुंपणाजवळ चरू देत नव्हता, शेठनं तुला आदल्या दिवशी झापलं होतं, हे सगळं मला कळतं. तू दादूला सांगितलंस, सगळ्या बांधाच्या पलीकडे घाल. त्यानं विचारलं, पाण्याचं काय? तू वर बोट केलंस. आभाळ स्वच्छ आहे की, कसलं पाणी? देशावरच्या माणसाला ते पटलंच. त्याच्याकडे पाणी वरून येतं नाहीतर नदीतून येतं. ऊन पडलेलं असताना जमिनीला समांतर पाणी चालत येतं, हे त्याच्या बापजाद्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाकीच्या तिघांना तू ट्रक उतरवायला नाक्यावर नेलंस, आणि तीनशे मेंढ्यांमागे तो एकटा राहिला.

दुपारी मी भाकरी घेऊन बांधावर गेले, तर पाणी पलीकडून नाही, मागून आलं होतं. मुरूम टाकून नाला बुजवलाय ना, त्यामुळे ते वळसा घालून शिरलं. मेंढरू पाणी बघून पळत नाही, एकमेकांच्या पोटात डोकं घालून उभं राहतं. दादू छातीइतक्या पाण्यात. एकेक उचलून बांधावर टाकत होता, मी शिंगाला धरून वर ओढत होते. म्होरक्या मेंढा एकदा वर आला आणि मग बाकीच्या त्याच्यामागून आल्या. अकरा पाण्यातच राहिल्या. त्या खाडीकडे जाताना मी डोळ्यांनी बघितल्या. कालवांच्या शिंपल्यांच्या धारेनं दादूची पोटरी हाडापर्यंत चिरली होती, ते त्याला वर आल्यावर कळलं. बसला आणि मला म्हणाला, आक्का, कान राहिले की हो.

संध्याकाळी शेठ आला. त्याच्या आधी तू माझ्या चुलीशी आलास. तू काय म्हणालास ते मी इथं लिहिते, कारण आपण दोघं ते न बोलल्यासारखं करतोय. तू म्हणालास, आई, तू काही बघितलं नाहीस, तू घरात होतीस, माझी नोकरी आहे, जयाला दिवस गेलेत. शेठनं विचारलं, बाई, तुम्ही होता का तिकडे? मी म्हटलं, नाही, मी भाकऱ्या करत होते. दादू तिथंच उभा होता, पोटरीला माझ्याच लुगड्याचं फडकं बांधलेलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेठनं अकरा मेंढ्यांचे बावीसशे धरले. दादूचा सालाचा पगार अठराशे. म्हणजे वर्षभर राबून तोच चारशेचा देणेकरी, आणि फेड म्हणून पुढचं साल बिनपगारी. त्या कागदावर तू त्याचा अंगठा घेतलास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण त्यात चोर एक नव्हता, दोन होते, आणि दुसरी मी.

त्यानंतर महिना झाला. दादू रोज जेवायला येतो. ताट स्वतः विसळून पालथं घालतो. पाय अजून सुजलेला आहे. डॉक्टरकडे मीच नेलं, शेठनं दमडी दिली नाही. एका शब्दानं त्यानं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चार शिव्या खाऊन मोकळी झाले असते. गेल्या आठवड्यात कामगार संघटनेची मृणालिनी म्हणून एक मुलगी आली. चणीनं एवढीशी, पण बोलणं खणखणीत. चौघांना बसवून तिनं लिहून घेतलं. दरमहा हातात पगार, आठवड्याची सुट्टी, पत्र्याचं छप्पर, दुखण्याखुपण्याला डॉक्टर, आणि पाण्यात गेलेलं जनावर गड्याच्या माथी नाही. मग तिनं दादूला विचारलं, मेंढ्या वाहून जाताना कुणी बघितलं का? मी परातीत पीठ मळत होते. तो म्हणाला, नाही ताई, कोण नव्हतं, आक्का तर घरात होत्या. मी खोटं बोलले ते त्यानं माझ्यासाठी दुसऱ्यांदा बोलून दिलं. ती म्हणाली, साक्षीदार नसेल तर अवघड आहे. तो म्हणाला, असू दे, एक साल काय, जाईल. घरी त्याच्या दोन मुली आहेत, शिवदास. थोरलीला तेरावं वर्ष चालू आहे, आणि साल संपल्यावर पैसे घेऊन येतो असं तो सांगून आलाय.

दुसऱ्या दिवशी मी मृणालिनीच्या कचेरीत गेले आणि साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. येत्या गुरुवारी अकरा वाजता कामगार खात्याच्या साहेबांपुढे दादूच्या तक्रारीची सुनावणी आहे. शेठला नोटीस मंगळवारी मिळेल, आणि त्यावरचं माझं नाव तो तुला वाचून दाखवील. ते त्याच्या तोंडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. शेवंती काय म्हणाली, तू काय म्हणालास, शेठनं विचारल्यावर मी काय म्हणाले, सगळं सांगणार आहे, त्यातलं काही गाळणार नाही. तुझी नोकरी कदाचित जाईल, माझी चूल तर जाईलच. तसं झालं तर जयाला घेऊन सरळ इकडे ये, खोली लहान आहे, पण बाळंतपण मी करीन. आणखी एक. मृणालिनी म्हणते, साहेब आधी मालकाच्या माणसाला बोलायला लावतात, साक्षीदार मागून. म्हणजे माझ्याआधी तुला बोलायला मिळेल. तेव्हा तू झालं तसं सांगितलंस, तर मला नुसतं हो म्हणायचं काम उरेल.

तुझीच,
आई